सामाईक मोटारीची निगा

गेल्या अंकांत आपल्या किनारपट्टीवरील विहिरींच्या मचूळ पाण्याविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात, "पाण्याची चिकित्सा झाली, आतां दारांतल्या मोटारीचीहि करावी. आमच्या घरीं गाडींत बसणारीं माणसें नऊ आहेत आणि बॉनेट उघडून पाहणारें एकहि नाहीं." पत्र चार ओळींचें, पण त्यांत रोगाचें निदान पुरतें झालें आहे.

एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें असतें त्याचाहि कोणी एक धनी ठरलेला असतो. देवघर आजींकडे, दुभतें थोरल्या सूनबाईंकडे, जमिनीचे व विम्याचे कागद धाकट्या काकांकडे, अशी वांटणी न सांगतां होते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते. मोटार घरांत मागाहून आली; तिची वांटणी झालीच नाहीं. किल्ली खुंटीवर असते, ज्याला काम पडेल तो ती घेऊन जातो. पेट्रोल कोणी भरलें यावरून कुरबूर होते; परंतु तेल कोणी पाहिलें यावरून कोठें भांडण झाल्याचें ऐकिवांत नाहीं. प्रत्येकाला वाटतें कीं, तें दुसऱ्यानें पाहिलें असेल.

प्रस्तुत लेखकानें जन्मभर व्याकरण शिकविलें. यंत्रविद्या त्याची नव्हे. पुढें जें लिहीत आहें तें बोईसरच्या एका मिस्त्रीकडून ऐकलेलें आहे. हा गृहस्थ माझ्या हाताखालून गेलेला. शब्द चालविण्यांत त्याला कधीं गोडी वाटली नाहीं, पण इंजिन कां चालत नाहीं हें तो नुसत्या आवाजावरून सांगतो. त्याच्या गॅरेजांत बाकावर बसून मीं प्रश्न विचारले, त्यानें हात पुसत उत्तरें दिलीं, आणि जेथें शंका आली तेथें गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेशीं तीं ताडून पाहिलीं. ही पुस्तिका पुष्कळ घरांत प्लास्टिकच्या पिशवींतून बाहेरहि निघालेली नसते, हें जातां जातां सांगून ठेवतों.

त्याचें पहिलें म्हणणें असें कीं, गाडी दुरुस्त करण्याची हौस आतां मालकानें सोडावी आणि गाडी पाहण्याची संवय लावून घ्यावी. पूर्वींची गोष्ट निराळी होती. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी म्हणूं लागले, ती रस्त्याच्या कडेला पान्हा व कानस यांनीं बरी होत असे. कार्बोरेटरांत कचरा अडकला तर फुंकून काढावा, प्लग घांसून पुसावा, पॉइंट साफ करावे, कीं स्वारी चालूं लागली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून तीहि गेली. आजच्या गाडींत इंधन किती व केव्हां सोडावें हें संगणक ठरवितो, आणि बिघाड कोठें आहे हें पाहण्यासाठीं मिस्त्रीलाहि यंत्र जोडावें लागतें. तेथें घरच्या पान्ह्याचें काम नाहीं. परंतु तेल, पाणी, ब्रेक, हवा आणि गंज हीं पूर्वीं होतीं तशींच आहेत, आणि तीं पाहण्याला डोळे पुरतात.

हें काम पुरुषांचें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यासाठीं एक जुनी हकीकत सांगतों. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचें पेटंट कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं घेतलें, पण तिला गिऱ्हाईक मिळेना. ऑगस्ट १८८८ मध्यें त्याची पत्नी बर्था ही नवऱ्याला न कळवितां दोन मुलांना घेऊन मॅनहाइम येथून फोर्झहाइम येथें, सुमारें १०६ किलोमीटर, त्या गाडीनें आपल्या माहेरीं गेली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या लांब टांचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेचें वेष्टण झिजलें तेथें मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलें तें एका औषधाच्या दुकानांतून घेतलें. आणि लांकडी ब्रेक झिजून धरीनात तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकवून घेतलें. आज ब्रेकला जें अस्तर असतें त्याची कुळकथा येथून सुरू होते. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि वाटेवरची पहिली दुरुस्ती अशी एका सुनेच्या नांवावर जमा आहे.

आतां घरच्या गाडीकडे वळूं. इंजिनचें तेल पाहणें हें दूध उतूं जातें कीं काय हें पाहण्याइतकें सोपें आहे. गाडी सपाट जागीं उभी असावी आणि इंजिन बंद होऊन थोडा वेळ झालेला असावा. तेल मोजण्याची पट्टी ओढून काढावी, स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालून काढावी. तेल खालच्या व वरच्या खुणेच्या मध्यें असलें म्हणजे झालें. कमी असणें वाईट, आणि वरच्या खुणेपलीकडे भरणेंहि वाईट. तेल काळें दिसलें म्हणून घाबरूं नये, तें काजळी धुऊन घेतें म्हणून काळें होतें. परंतु दुधाळ, ताकासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे, गाडी चालवूं नये. बहुतेक पेट्रोल गाड्यांस दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं होईल तेव्हां तेल बदलण्यास सांगितलेलें असतें. आमचे लोक यांतील 'वर्ष' हा शब्द सोयिस्करपणें विसरतात. "आमची गाडी फिरतेच किती!" असें म्हणतात. मिस्त्रीचें उत्तर असें कीं, पामहून बोईसर स्टेशन आणि परत, एवढेंच जी गाडी फिरते तिचें इंजिन नीट तापतच नाहीं. आंत जमलेला दमटपणा उडून जात नाहीं आणि तेल उभ्या उभ्या नासतें. थोडी चालणारी गाडी कमी झिजते, हा समज या बाबतींत तरी खरा नव्हे.

पाण्याचेंहि असेंच. रेडिएटरांत जें घालावयाचें तें कूलंट आणि शुद्ध केलेलें, क्षारविरहित पाणी यांचें मिश्रण. आपल्याकडील बोअरच्या पाण्यानें पितळी भांड्यावर जे पांढरे थर बसतात तेच इंजिनच्या आंतील अरुंद वाटांत बसतात, आणि मग उन्हाळ्यांत कांटा लाल खुणेकडे चढूं लागतो. कांटा चढलाच, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास स्वस्थ बसावें. गरम रेडिएटरचें झांकण उघडण्याचा मोह कोणीहि करूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर तापूनहि उकळत नाहीं. झांकण सैल होतांच दाब सुटतो आणि त्याची एकदम वाफ होऊन तोंडावर येते. कुकरचें झांकण शिट्टी पडल्याबरोबर न उघडण्याची जी शिस्त आपल्या स्वयंपाकघरांत आहे तीच येथें लागू आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणें हाहि अडाणीपणा. त्यानें धातूला तडा जातो.

हीं झालीं खर्चाचीं दुखणीं. ब्रेकचें दुखणें प्राणाशीं गांठ घालणारें आहे. आमच्या ओळखीच्या एका घरीं तीन भावांत एक गाडी. समोरच्या पाटीवर एक लाल दिवा महिनाभर मधूनमधून लागत होता. हातब्रेक ओढला असतांहि तोच दिवा लागतो, म्हणून थोरल्यांना वाटलें, हातब्रेकची कळ बिघडली असेल. मधल्यांना वाटलें, थोरल्यांनीं मिस्त्रीला दाखविलें असेल. धाकट्यांनीं तो पाहिलाच नाहीं, कारण ते रात्रींच काय ती गाडी नेत आणि मागें बसत. पुढें श्रावणांत घरची मंडळी जव्हारकडे निघालीं. येतांना उतारावर ब्रेकचें पेडल जवळजवळ तळाला गेलें. गाडी चालविणारा पुतण्या बावीस वर्षांचा, पण शांत डोक्याचा. त्यानें गिअर दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या अंगाला घासत गाडी उभी केली. मागें बसलेल्या आजींना वाटलें, नातू हिरवा देखावा दाखविण्यासाठीं थांबला. त्यांना खरें कारण घरीं आल्यावरहि कोणी सांगितलें नाहीं म्हणतात.

मिस्त्रीनें चाक उघडलें तेव्हां कळलें कीं, एका मागच्या चाकाजवळून ब्रेकचें तेल पाझरत होतें आणि जें उरलें होतें तें सहा वर्षांत एकदांहि बदललेलें नव्हतें. या तेलाचा गुण विलक्षण आहे. तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि आपली हवा तर ओलीच. नव्या डॉट ३ जातीच्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश असावा लागतो. ओल शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी तें प्रमाणांत बसतें. डॉट ४ असेल तर हे आंकडे २३० आणि १५५. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला कीं चाकाजवळ उष्णता वाढते, ओलें तेल उकळतें, नळींत वाफ होते. आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून पेडल मऊ लागतें, पाय खालीं जातो, गाडी थांबत नाहीं. यासाठीं हें तेल दर दोन वर्षांनीं बदलून घ्यावें आणि उतार ब्रेकनें न उतरतां खालच्या गिअरनें उतरावा. डबींतील तेलाची पातळी हळूहळू खालीं जात असेल तर पॅड झिजत आले असें समजावें. झपाट्यानें जात असेल तर गळती आहे. आणि लाल दिवा म्हणजे थांबा, हा अर्थ घरांतील लहान मुलालाहि सांगून ठेवावा. पिवळा दिवा एक दिवस वाट पाहूं शकतो.

आतां आपल्या भागाचा खास शत्रु, खारा वारा. पाम, नवापूर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यांत एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे औद्योगिक वसाहतीची हवा, त्यांतच पावसाळ्याचे चार महिने. लोखंडाला याहून वाईट शेजार कोणता? गंज वरून दिसतो तेव्हां आंतून पुष्कळ पुढें गेलेला असतो. दाराच्या खालच्या कांठाला पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोकें ठेविलेलीं असतात. तीं चिखलानें बुजतात आणि दार आंतून कुजतें. पावसाळ्याच्या आधीं बारीक काडीनें तीं मोकळीं करावीं. गाडी धुतांना वरचें टप सर्वजण चमकवितात. मिस्त्री म्हणतो, वर नाहीं धुतलें तरी चालेल, खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा. चिंचणीच्या वाळूंत गाडी घालण्याची जी नवी हौस निघाली आहे तिच्याविषयीं त्याचें मत येथें छापण्यासारखें नाहीं. प्लास्टिकचें आच्छादन ओल्या गाडीवर घालूं नये, त्याखालीं ओल कोंडते. गाडी धुऊन लागलीच हातब्रेक ओढून चार दिवस उभी ठेवली तर मागचे ब्रेक गंजून ड्रमला चिकटतात. आधीं गल्लींत एक फेरी मारून ते कोरडे करावे. आणि बरेच दिवस उभी ठेवावयाची तर गिअरमध्यें ठेवून चाकांना दगड लावावे.

उभी गाडी बॅटरीलाहि मारक असते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब, गाडी बंद असतां, साधारण १२.६ व्होल्ट असतो. तो १२ च्या आसपास आला म्हणजे ती रिकामी झाली. नुसती सुरू करून दारांतच दोन मिनिटें घुरघुरविण्यानें ती भरत नाहीं, उलट सुरू करण्यांत जें खर्च झालें तेंहि परत येत नाहीं. आठवड्यांतून एकदां वीस-पंचवीस मिनिटें गाडी रस्त्यावर चालवावी. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते ती गरम पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून जुन्या दांतब्रशानें धुवावी, कोरडी करून वर व्हॅसलीन लावावें. टोकें सोडवितांना ऋण टोक आधीं, जोडतांना तेंच शेवटीं. नाहीं तर पान्हा गाडीच्या अंगाला लागून ठिणगी उडते.

पावसाळ्यांत रस्त्यावर पाणी सांचलें असतां त्यांत गाडी बंद पडली, तर पुन्हां किल्ली फिरवूं नये. हें वाक्य घरांतील प्रत्येक चालकानें पाठ करावें. इंजिन हवा दाबण्यासाठीं केलेलें असतें. तेथें पाणी शिरलें तर तें दाबलें जात नाहीं, आणि आंतील दांडा वांकतो. नुसतें भिजलेलें इंजिन थोडक्यांत सुटतें; किल्ली फिरविलेलें इंजिन उतरवावें लागतें, आणि असें नुकसान साध्या विम्यांत सहसा बसत नाहीं. पाणी वाढत असेल तर गाडीची माया सोडून माणसांनीं बाहेर यावें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां बंद गाड्यांत अडकून माणसें दगावलीं. विजेवर चालणाऱ्या कांचा पाण्यांत उघडतीलच असें नाहीं.

टायरविषयीं थोडें. हवा किती भरावी हें चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेलें असतें, तेंच प्रमाण. पंपावरचा मुलगा "सगळ्यांना इतकी भरतों" म्हणतो तें नव्हे. हवा गाडी थंड असतांना मोजावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खालीं गेली तर कायद्यानेंहि टायर बाद. पण नक्षी शाबूत असून टायर म्हातारा असूं शकतो. त्याच्या कडेवर चार आंकडे असतात. २३१९ असतील तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील त्याचा जन्म. जन्मपत्रिका पाहण्याची आवड असलेल्या घरांत ही पाहण्यास हरकत नसावी. स्टेपनीचीहि पाहावी. (हा शब्द वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, तेथील डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास जादा चाक विकण्यास आरंभ केला. विलायतेंत तो शब्द मावळला, आपल्याकडे नांदतो आहे.) स्टेपनी बदलतांना जॅकवर उचललेल्या गाडीखालीं हात किंवा डोकें घालूं नये.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीनें सांगितली ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. गाडी त्याच्याकडे आली कीं तो मागच्या आसनावर हात फिरवितो. दहांतल्या आठ गाड्यांत पट्ट्याचें कुलूप नव्या शोभिवंत खोळीखालीं गडप झालेलें असतें. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागें बसलेल्या दोघांनीं पट्टे लावले नव्हते. ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वांचले. आपल्या घरांत मागें कोण बसतें? आजी आणि लेंकरें. खोळ आजच्या आज कापून कुलूपें वर काढावीं.

मिस्त्रीकडे जातांना रोगाचें नांव सांगूं नये, लक्षण सांगावें. "क्लच गेला आहे, बदला," असें म्हटलें तर तो बदलील आणि आवाज तसाच राहील. "सकाळीं थंड असतांना, डावीकडे वळतांना, टकटक असा आवाज येतो," असें सांगितलें तर त्याचें अर्धें काम झालें. वैद्याच्या घरींहि आपण असेंच बोलतों. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. खरा मिस्त्री त्याचा राग मानीत नाहीं.

राहिली वांटणी. पत्र लिहिणाऱ्या भगिनींस माझी सूचना अशी कीं, किल्लीच्या खुंटीखालीं एक दोनशे पानांची वही टांगावी. तींत तारीख, किलोमीटर, काय पाहिलें, काय केलें, किती लागले, एवढींच घरें आंखावीं. दर रविवारीं सकाळीं दहा मिनिटें पाहणी करावी, आणि ती एकाच माणसानें करावी. तें माणूस गाडी चालविणारें असलेंच पाहिजे असें नाहीं. नववींतली मुलगी हें काम उत्तम करील. तिला त्यांत पदार्थविज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रमहि भेटेल. तिनें "आज गाडी नेऊं नका" म्हटलें तर थोरल्या काकांनींहि ऐकावें, एवढें मात्र आधीं सर्वांनीं कबूल करावें. अधिकाराशिवाय वही म्हणजे नुसता कागद.

भगिनींच्या पत्रांत ताजा कलम होता: उंदीर तारा कुरतडतात, तंबाखू ठेवावी काय? मिस्त्रीनें तंबाखूच्या पुडीवरच बांधलेलें उंदराचें घरटें एका बॉनेटखालून काढलेलें आहे. गाडींत मुलांनीं सांडलेलें फरसाण झाडून काढावें, धान्याच्या कोठीशेजारीं गाडी उभी करूं नये, आणि रविवारीं बॉनेट उघडावें. रोज उजेड पडणाऱ्या जागीं उंदीर संसार मांडीत नाहीं. पुढील अंकीं छपराच्या गळतीविषयीं. ज्यांचीं मंगलोरी कौलें असतील त्यांनीं आपले अनुभव अवश्य कळवावे.